मोटारीचें झांकण उघडण्याची भीति

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या खेड्यांतील अंगणांचें रूप पालटलें आहे. जेथें पूर्वीं बैलगाडी सोडलेली दिसे, तेथें आज ट्रॅक्टर व त्याच्या शेजारीं एखादी लहान मोटार उभी असते. ऊंसाचें बिल हातीं आलें, द्राक्षांचा हंगाम साधला किंवा मुलगा नोकरीस लागला, म्हणजे मोटार दारांत येते. बहुधा ती दुसऱ्याच्या हातची, चार-सहा वर्षें वापरलेली असते. घरांतील एक-दोन माणसें ती चालविण्यास शिकतात, परवाना काढतात आणि सर्व कुटुंबाची सोय होते. ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु जे हात मोटारीचें चक्र फिरवितात, तेच हात तिच्या पुढच्या झांकणाला, म्हणजे बॉनेटला, लावण्यास आपले पुष्कळ बांधव कचरतात. गाडी चालविणें हें आपलें काम आणि तिच्या पोटांत काय आहे तें पाहणें हें मिस्त्रीचें काम, अशी वांटणी त्यांनीं मनाशीं करून टाकलेली असते. आम्ही स्वतः ह्याच वर्गांतले होतों, आणि त्याबद्दल एकदां चांगलीच अद्दल घडली, म्हणून हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहों.

दोन वर्षांपूर्वींची, भाद्रपदांतील गोष्ट. जुनी मोटार घेऊन आम्हांस चार महिने झाले होते आणि गाडी चालविण्याची संवय नुकतीच होऊं लागली होती. एके रात्रीं दोनच्या सुमारास शेजारच्या सुनेस कळा येऊं लागल्या. रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर गेली होती. शेजाऱ्यांनीं आमचें दार ठोठावलें आणि आम्ही मोठ्या उत्साहानें गाडी काढली. तालुक्याचें गांव आमच्यापासून चोवीस किलोमीटर. निम्मी वाट सरली असेल नसेल, तोंच मागचें डावें चाक बसलें. कंदिलाऐवजीं मोबाईलच्या उजेडांत आम्हीं मागचें दार उघडून स्टेपनी बाहेर काढली, ती जमिनीवर टाकली, आणि तिचा आवाज ऐकूनच छातींत धस्स झालें. तींत हवाच नव्हती. चार महिन्यांत तिच्याकडे आम्हीं एकदांही पाहिलें नव्हतें. गाडींत ती मुलगी कण्हत होती, तिची सासू देवाचें नांव घेत होती, आणि आम्ही पावसांत एका निरुपयोगी चाकाशेजारीं उभे होतों.

चाळीस मिनिटांनीं दुधाचा टेंपो आला. त्यांत त्या तिघांना बसवून दिलें. दवाखान्यांत पोंचल्यावर तासाभरांत मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप राहिल्या. पण तीं चाळीस मिनिटें आम्ही अजून विसरलों नाहीं. पहाटे परततांना तो टेंपोवाला पुन्हां आमच्यापाशीं थांबला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा तो. त्यानें जॅक लावून चाक काढलें, दोन्ही चाकें टेंपोंत घातलीं, पंक्चर काढून व हवा भरून आणलीं आणि जातांना विचारलें, "काका, स्टेपनी शेवटची कधीं बघितली होती?" आम्हीं खरें तें सांगितलें. तो हंसला नाहीं. म्हणाला, "बैलाच्या खुराला नाल नीट आहे का, तें औताला जुंपायच्या आधीं बघतां ना? मग हिच्या पायाकडं पण बघत जा." एवढेंच बोलून तो निघून गेला.

त्या वाक्याचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. आम्हांस भीति कशाची वाटत होती? एक, आपल्या हातून कांहीं तरी मोडेल आणि खर्च वाढेल ही. दुसरी, आपणांस कांहीं कळत नाहीं हें चारचौघांत उघड होईल ही. आणि तिसरी, जी ह्या दोहोंच्या मुळाशीं होती, ती म्हणजे त्या झांकणाखालच्या काळ्या नळ्या-तारांचा गुंता आपल्या बुद्धीच्या पलीकडचा आहे ही समजूत. वास्तविक शेतकऱ्यानें असें म्हणावें ह्यासारखें नवल नाहीं. ज्यानें विहिरीवरील ऑईल इंजिनाची नळी सोडून तींतली हवा काढली, ज्यानें मोटारपंपाची जळालेली तार ओळखली, फवारणी पंपाचा अडकलेला नोझल साफ केला, तोच मनुष्य दारांतल्या गाडीचें बॉनेट कसें उघडतें हें विचारण्यास लाजतो!

यंत्राची भीति आपल्या प्रांतांत नवी नाहीं. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते ह्या समजुतीमुळें शेतकरी त्याला हात लावीनात. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पुढें तोच नांगर महाराष्ट्रांतील शिवारांत घरचा झाला. ती भीति कोणाच्या व्याख्यानानें गेली नाहीं; शेजाऱ्याच्या रानांत नांगर चालतांना पाहिला, म्हणून गेली.

मोटारीचें उदाहरण पाहावयाचें तर तिच्या जन्माकडेच जावें. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील बेर्था बेंझ ही बाई पतीस न सांगतां, दोन मुलगे बरोबर घेऊन, पतीनें बनविलेल्या तीन चाकी मोटारींतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. इतक्या दूर मोटार तोंवर कोणीं नेली नव्हती. वाटेंत इंधनाची नळी तुंबली. ती तिनें टोपीच्या लांब पिनेनें मोकळी केली. विजेची तार उघडी पडली; तिला तिनें पायमोज्याचा बंद गुंडाळला. लांकडी ब्रेक झिजले, तेव्हां एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. इंधन संपलें, तें एका औषधविक्रेत्याच्या दुकानांतून विकत घेतलें. तिनें कोठल्या कारखान्यांत उमेदवारी केली नव्हती. परंतु तें यंत्र आपल्या घरीं घडतांना तिनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. ह्या पाहण्यांतच तिचें सर्व धैर्य होतें. आणि जें तिला स्वतःला करतां येण्याजोगें नव्हतें, तें तिनें चांभाराकडून करून घेतलें, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आमच्या मतें सर्व गोष्टीचें सार इतकेंच कीं, पाहणें निराळें आणि खोलणें निराळें. खोलण्यास विद्या लागते. पाहण्यानें कांहीं मोडत नाहीं. जनावराचा धंदा करणारा सकाळीं गोठ्यांत शिरतांच नाकपुडी ओली आहे का, शेण कसें पडलें, रवंथ चालू आहे का, हें पाहतो. तो डॉक्टर नसतो. पण डॉक्टरला केव्हां बोलवावें हें त्याला कळतें. मोटारीपुरतें एवढेंच ज्ञान नवशिक्याला पुरे आहे. तें कसें मिळवावें हें आतां क्रमानें सांगतों.

चाकें. आठवड्यांतून एकदां, सकाळीं गाडी थंड असतां, चारी चाकांभोवतीं एक फेरी मारावी. एखादें चाक इतरांहून अधिक बसलेलें दिसतें का, कडेला फुगवटा आला आहे का, खिळा किंवा बाभळीचा कांटा रुतला आहे का, हें पाहावें. हवेचा दाब किती असावा हें बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर छापलेलें असतें. लहान मोटारीस तो बहुधा चौरस इंचास ३० ते ३५ पौंडांच्या दरम्यान असतो. पण दुसऱ्याचा आंकडा न घेतां आपल्या पट्टीवरचाच घ्यावा. गाडी धांवून टायर तापल्यावर दाब चढतो, म्हणून माप थंड असतांनाच खरें. टायरच्या खाचांत जागोजाग रबराचे लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीस आली म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली असें समजावें आणि टायर बदलावा. ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर पाणी बाजूस सारूं शकत नाहीं व गाडी घसरते. टायरच्या अंगावर चार आंकड्यांची एक खूण असते. ती २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला आहे. जुनी गाडी घेतांना ही खूण वाचणें फार उपयोगी पडतें. आणि पांचवें चाक, म्हणजे स्टेपनी, विसरूं नये. तें आम्हीं विसरलों होतों.

तेल. गाडी सपाट जागीं उभी करावी आणि इंजिन बंद करून पांच-दहा मिनिटें थांबावें, म्हणजे वर गेलेलें तेल खालीं उतरतें. मग मोजपट्टी ओढून ती फडक्यानें पुसावी, पुन्हां पूर्ण आंत घालावी आणि बाहेर काढून पाहावी. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या दरम्यान असावें. खालच्या खुणेखालीं गेलें असेल, तर पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच तेल थोडथोडें घालून पुन्हां मोजावें. वरच्या खुणेच्या वर तेल भरणेंही अपायकारकच. डिझेल गाडींत तेल लवकर काळें पडतें, त्यानें घाबरूं नये; पण तें ताकासारखें पांढुरकें दिसलें, तर त्यांत पाणी मिसळल्याचा संभव असतो. अशा वेळीं गाडी न चालवितां मिस्त्रीस बोलवावें.

पाणी. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवास कूलंट म्हणतात. त्याची अर्धपारदर्शक टांकी बॉनेटखालीं दिसते आणि तिच्यावरही खालची व वरची अशा दोन खुणा असतात. झांकण न काढतांच पातळी दिसते. इंजिन तापलेलें असतां हें झांकण किंवा रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. घरांतल्या कुकरचें उदाहरण ध्यानांत घ्यावें. आंत दाब असल्यामुळें तो द्रव शंभर अंशांवर तापूनही उकळत नाहीं. झांकण फिरवितांच दाब सुटतो आणि वाफेसह उकळता द्रव तोंडावर येतो. घाटांत गाडी तापली तर ती बाजूस घेऊन इंजिन बंद करावें आणि निदान अर्धा तास थांबावें. घाई करूं नये. कूलंट वारंवार कमी होत असेल, तर कोठें तरी गळती आहे. नुसतें पाणी ओतीत राहणें हा उपाय नव्हे. आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांच्या घरीं विशेष महत्त्वाची. पुष्कळशा कूलंटांत असणारें रसायन चवीला गोड पण विषारी असतें. सांडलेलें कूलंट लगेच धुवून काढावें व डबा उंच जागीं ठेवावा, म्हणजे कुत्रें, वांसरूं किंवा लहान मूल त्याला तोंड लावणार नाहीं.

बॅटरी व ब्रेक. बॅटरीच्या टोंकांवर पांढरट-हिरवट क्षार सांचला, तर गाडी एक दिवस अचानक सुरू होत नाहीं. तो काढावयाचा असल्यास इंजिन बंद ठेवून आधीं ऋण टोंकाची तार सोडावी, मग धन टोंकाची. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें घासून कोरडें करावें आणि जोडतांना उलट क्रम ठेवावा. बॅटरींतून पेट घेणारा वायु निघूं शकतो, म्हणून तिच्यावर वांकतांना तोंडांत विडी नसावी. ब्रेकच्या तेलाची लहान टांकी फक्त पाहावी. पातळी खालच्या खुणेजवळ आली असेल, तर ब्रेक झिजले आहेत किंवा तेल गळत आहे. तेथें आपण कांहीं न करतां मिस्त्रीकडे जावें. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून बहुधा दोन वर्षांनीं तें बदलण्याची शिफारस असते.

उंदीर व धूळ. हा उपद्रव शहरवासीयांपेक्षां आपणांस अधिक. धान्याच्या कोठीशेजारीं किंवा कडब्याच्या गंजीजवळ गाडी ठेवली, कीं उंदीर इंजिनाच्या उबेला येतात, तारा कुरतडतात आणि हवेच्या गाळणींत घरटीं करतात. पावसाळ्यांत सापही आंत शिरतो. म्हणून कांहीं दिवस गाडी उभी राहिली असेल, तर सुरू करण्यापूर्वीं बॉनेटवर थापा मारून तें उघडून पाहावें, आंत हात घालण्यापूर्वीं उजेड टाकावा. ऊंसतोडीच्या दिवसांत रस्त्यांवर धुळीचे लोट असतात. त्या काळांत हवेची गाळणी नेहमींपेक्षां लवकर तपासावी.

दिवे. चावी फिरवितांच समोरच्या पाटीवर अनेक दिवे लागतात व इंजिन सुरू होतांच बहुतेक विझतात. चालतांना पिवळा दिवा लागला, तर लवकर दाखवून घ्यावें. तांबडा लागला, तर सुरक्षित जागा पाहून थांबावें. त्यांत तेलाच्या झारीचें तांबडें चित्र दिसलें, तर इंजिन ताबडतोब बंद करावें. तेलाच्या दाबाशिवाय मिनिट-दोन मिनिटें चाललेलें इंजिनही कायमचें निकामी होऊं शकतें.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनचें तेल नसतें, परंतु टायर, ब्रेकचें तेल, थंड ठेवणारा द्रव व लहान बॅटरी ह्यांची पाहणी तेथेंही करावीच लागते. मात्र अशा गाडींतील नारिंगी रंगाच्या जाड तारांस चुकूनही हात लावूं नये.

आतां चाक बदलण्याविषयीं. हें काम अंधारांत, पावसांत प्रथमच करण्याचा प्रसंग कोणावरही न येवो. म्हणून एखाद्या सुटीच्या दिवशीं, आपल्याच अंगणांत, टणक सपाट जमिनीवर त्याची तालीम करावी. हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्यें ठेवावी आणि कर्णरेषेंतील समोरच्या चाकास पुढें-मागें दगड लावावे. चाक जमिनीवर असतांनाच नट थोडे सैल करावे. चाक उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते. जॅक पुस्तकांत दाखविलेल्या जागींच लावावा आणि गाडी उचललेली असतां अंगाचा कोणताही भाग तिच्याखालीं नेऊं नये. नवें चाक बसविल्यावर नट एकाशेजारीं एक न आवळतां समोरासमोरचे आवळावे, गाडी खालीं उतरवून पुन्हां घट्ट करावे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर एकदां तपासावे. रस्त्यावर काम करतांना मागें परावर्तक त्रिकोण ठेवावा. आमच्या घरीं ही तालीम झाली, तेव्हां पहिल्या खेपेस आम्हांस पाऊण तास लागला आणि आमच्या सूनबाईंना पंचवीस मिनिटें. ही विद्या पुरुषांपुरती ठेवूं नये हें आम्हीं त्याच दिवशीं ठरविलें.

ह्याबरोबरच आपली मर्यादा आंखून घ्यावी. ब्रेक खोलणें, चक्र व त्यांतील हवेची सुरक्षापिशवी, इंधनाच्या नळ्या, केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालचें काम, हें सर्व जाणत्याचें. पुराच्या पाण्यांत इंजिन बंद पडलें, तर पुन्हां सुरू करण्याचा यत्न करूं नये. पाणी आंत ओढलें गेलें असल्यास इंजिनाचे दांडे वांकतात. काय करावयाचें नाहीं हें पक्कें ठाऊक असलें, म्हणजे जें करावयाचें तें निर्धास्तपणें करतां येतें. आमची भीति मुख्यतः ह्याच ज्ञानानें गेली.

मिस्त्रीकडे गाडी दिली, कीं ती सोडून चहास जाऊं नये. शेजारीं उभें राहावें, जुना भाग दाखविण्यास सांगावें, तो कां झिजला हें विचारावें. चांगला कारागीर अशा गिऱ्हाइकावर रागावत नाहीं. उलट हौसेनें समजावून देतो. घरीं एक वही ठेवावी आणि तेल बदलल्याची तारीख, तेव्हांचे किलोमीटर, टायर-बॅटरी घेतल्याचें साल व झालेला खर्च तींत लिहावा. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्यास हें जड नाहीं. गाडीबरोबरचें पुस्तक हरवलें असेल, तर तें मिळवावें. पुष्कळ कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तें असतें. भाषा अडली तरी त्यांतील चित्रें अडत नाहींत.

त्या रात्रीं जन्मलेली मुलगी आतां दोन वर्षांची होत आहे आणि आमच्या अंगणांत खेळावयास येते. तिला पाहिलें, कीं आम्हांस स्टेपनी आठवते. दर रविवारीं सकाळीं पांच-दहा मिनिटें आम्ही गाडीभोवतीं घालवितों, आणि गेल्या दोन वर्षांत दोनदां चाक बसलें, तें आम्हींच बदललें. यंत्राविषयीं आम्हांस मोठें ज्ञान झालें असें नाहीं. रात्रीं-अपरात्रीं कोणीं दार ठोठावलें, तर गाडी काढतांना हात कांपत नाहीं, एवढाच लाभ झाला. पण तो थोडा नाहीं.

ज्या बांधवांच्या दारांत मोटार आहे आणि मनांत धास्ती आहे, त्यांस आमची एवढीच विनंती कीं, येत्या रविवारीं गाडी थंड असतां बॉनेट उघडावें, पुस्तकांतील चित्र शेजारीं धरावें, आणि तेलाची पट्टी, पाण्याची टांकी व बॅटरी कोठें आहे तें नुसतें पाहावें. त्या दिवशीं दुसरें कांहीं करूं नये. झांकण बंद करण्यापूर्वीं मात्र स्टेपनीची हवा तेवढी पाहून घ्यावी.